खिडकीपाशी बसवलेली खुर्ची

मी एक जुनी, हातांची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझ्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत माझ्यावर कोणी आनंदाने बसले नाही. यात माझा काही दोष नव्हता. सुताराने मला चांगले लाकूड पारखून, सांधे नीट जुळवून घडवले होते. वेत विणणाऱ्याने माझी बैठक अशी ताणून विणली होती की टिचकी मारली तर वाजावी. पण माझी नेमणूक झाली दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. तिथे कोण सुखासुखी बसणार? आत दात कोरायचे यंत्र सुरू झाले, की बाहेर माझ्यावर बसलेला माणूस माझे दोन्ही हात गच्च आवळून धरायचा. मोठमोठ्या मिशांचे गडीही त्याला अपवाद नव्हते. माझ्या हातांवरचे पॉलिश अशा घाबरलेल्या तळव्यांनीच उडवले.

पुढे दवाखान्यात एकमेकांना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला उचलले ते दवाखान्यात नावे लिहून घेणाऱ्या ताईने. टाकूनच देणार असाल तर ही मी नेऊ का, घरी सासरे आलेत, असे तिने बाईंना विचारले. संध्याकाळी तिचा नवरा आला आणि दोघांनी मला दोन बाजूंनी धरून त्यांच्या घराचे जिने चढवले. नवरा छापखान्यात कामाला होता, कागदाचे गठ्ठे उचलून पाठ तयार झालेली. तरी जिन्याच्या वळणावर मी अशी अडकले की तो म्हणाला, ‘‘ही खुर्ची नाही, अक्कलदाढ आहे.’’ ताई हसत सुटली आणि मी तिच्या हातून निसटता निसटता वाचले.

घर दोन खोल्यांचे होते. त्यात ताई, तिचा नवरा, चिमणी म्हणून हाक मारली जाणारी त्यांची शाळकरी मुलगी आणि आजोबा.

आजोबांनी सारा जन्म लांब पल्ल्याची बस चालवली होती. आजी गेल्यावर ते दुसऱ्या गावातल्या आपल्या घरात एकटेच राहत. मग एकदा पायरीवरून घसरले, खुब्याचे हाड मोडले आणि मुलाने त्यांना इकडे आणले. हाड जुळले, काठी टेकत ते चालू लागले, पण हे घर काही त्यांना आपले वाटेना. ते पलंगाच्या अगदी कडेला बसत. पलंगाखाली त्यांची बॅग भरलेलीच असे. पाणी हवे असले तर ‘जमलं तर’ असे म्हणून मागत. जेवण कसे झाले विचारले, की उत्तर ठरलेले, ‘उत्तम’. आणि एके दिवशी त्यांनी मुलाला सांगून टाकले, की आता पाय बरा आहे, महिनाअखेर मी आपल्या घरी जातो.

मुलाने खूप समजावले. डॉक्टरांनी एकटे राहू नका म्हणून बजावले होते. पुन्हा पडले, तर उठवायला तिथे कोण होते? आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि शेजाऱ्याला फोन करून घर झाडून ठेवायला सांगितले.

ताईने हे फार मनाला लावून घेतले. तिला वाटले, आपल्याच घरात काहीतरी टोचत असणार. म्हणून ती घराच्या मागे लागली. डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट काढून तिने कोपऱ्यात पिवळ्या उजेडाचा दिवा लावला. फरशी गार पडते म्हणून सतरंजी अंथरली. दुपारच्या उन्हासाठी जाड पडदा शिवला आणि उरलेल्या कापडात कापूस भरून माझ्यासाठी उशी केली. मला तिने भिंतीला टेकवून टीव्हीसमोर ठेवले. घर खरेच उबदार झाले. चिमणी सतरंजीवर लोळून अभ्यास करू लागली, आणि नवरा दिव्याखाली पेपर उघडून दुसऱ्या पानाच्या आत घोरू लागला. आजोबा मात्र ‘छान केलंस’ म्हणाले, तेही पाहुणा यजमानाला म्हणतो तसे. ते माझ्यावर बसत, पण पाठ टेकत नसत. मला माझीच लाज वाटे. दवाखाना सुटला, पण आपला पायगुण काही सुटला नाही, असे मनात येई.

मग एका सुट्टीच्या सकाळी ताई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. खालच्या रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. आजोबा माझ्यावरून उठले, काठी टेकत खिडकीपाशी गेले आणि गज धरून उभे राहिले. खिडकीचा अर्धा भाग कपाटाने अडवलेला होता, म्हणून त्यांना अंग चोरून उभे राहावे लागत होते. थोड्या वेळाने त्यांचा पाय थरथरू लागला, तरी ते हलेनात. ताई हातातली घडी तशीच धरून बघत राहिली. मला वाटते, त्या घटकेला तिला उमगले. ज्या माणसाने चाळीस माणसे पाठीशी घेऊन आयुष्यभर पुढचा रस्ता पाहिला, त्याला आपण भिंतीकडे पाठ करून टीव्हीसमोर बसवले होते.

त्याच दुपारी तिने नवऱ्याला कामाला जुंपले. कपाट सरकवायचे म्हणजे आधी रिकामे करायचे. सगळे घर पलंगावर येऊन पडले. खिडकी मोकळी झाली आणि मला तिच्यासमोर ठेवले. पण माझ्यावर बसले की खिडकीची कड डोळ्यांच्या आड येई. तेव्हा ताईने माझ्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घ्यायचे ठरवले. नवरा म्हणाला, खुर्ची सर्कशीतल्या हत्तीसारखी दिसेल. दिसू दे, ती म्हणाली. ठोकळे बसले, स्क्रू पिळून पक्के झाले, आणि पाय टेकायला एक खोके उपडे घालून त्यावर तिने जाड कापड ठोकले.

आजोबा ‘कशाला एवढा त्रास’ म्हणत बसले. उजवा पाय खोक्यावर टेकला. खाली तीन रस्ते एकत्र येत होते, बस वळत होत्या, सायकली त्यांच्या पोटाखालून निघाल्यासारख्या निघत होत्या. आजोबा एकेक बस नजरेने वळणापार पोचवत राहिले. मग, मित्रांनो, त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकली. ज्या क्षणासाठी मला घडवले होते, तो इतक्या वर्षांनी आला.

‘‘हे वळण चुकीचं बांधलंय,’’ आजोबा म्हणाले. ‘‘मोठी गाडी एका दमात वळूच शकत नाही.’’

मग त्यांनी मान वळवून ताईकडे पाहिले.

‘‘आणि सूनबाई, तुझ्या चहात साखर कमी असते. रोजच कमी असते.’’

ताई तशीच स्वयंपाकघरात गेली. नवऱ्याला वाटले ती रागावली, म्हणून तो मागोमाग गेला. ती ओट्याला टेकून डोळे पुसत होती. ‘‘अहो, पाहुणा कधी नावं ठेवतो का?’’ ती म्हणाली. ‘‘बाबा आज घरी आले.’’

महिनाअखेर आली आणि गेली. बॅग कधी रिकामी झाली, ते मलाही कळले नाही. एवढे दिसले की आजोबांचे सदरे कपाटात मुलाच्या सदऱ्यांशेजारी टांगलेले होते.

त्यानंतरची वर्षे माझ्या भाग्याची. चिमणी माझ्या हातावर वही ठेवून गणिते सोडवी आणि आजोबा खालच्या चालकांना वरूनच धडे देत. ‘अरे, हळू, ब्रेक काय जेवण झाल्यावर दाबणार आहेस?’ ते कोणाला ऐकू जात नसे, म्हणून कोणाचे बिघडतही नसे.

मग घरात सोफा आला. मोठा, मऊ. पहिल्याच संध्याकाळी सगळे त्यावर दाटीवाटीने बसले आणि आजोबा त्यांच्या मधोमध बसून हसत होते. मला गॅलरीत नेले. माझ्यावर आधी कुंडी आली, मग ओले कपडे. ऊनपावसाने वेत सुटला आणि बैठकीला भोक पडले. वाईट वाटले नाही असे कसे म्हणू? पण गॅलरीच्या दारातून मला आजोबा दिसत. आता त्यांना खिडकीची गरज नव्हती. आपल्या माणसांत त्यांची पाठ आपोआप टेकत होती. हे पाहून मनातला सल हळूहळू विरघळला.

एक दिवस आजोबा गॅलरीत आले आणि माझ्यावरचे कपडे बाजूला करू लागले. मुलगा म्हणाला, बाबा, ती मोडकी कशाला काढता, सोफा आहे की. तेव्हा आजोबांनी त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी नेले. आत दवाखान्यात दिवसभर उभी राहून आलेली ताई तेलाच्या उपड्या डब्यावर बसून मटार सोलत होती.

‘‘हिनं मला जागा करून दिली. तुम्हाला सगळ्यांना दिली,’’ आजोबा म्हणाले. ‘‘आता मला सांग, या घरात हिची जागा कुठली?’’

मुलगा तसाच गॅलरीत परतला. त्याने मला खांद्यावर घेतले आणि वेत विणणाऱ्याकडे नेले. मला नवी बैठक मिळाली. ताईचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून ठोकळेही निघाले. स्वयंपाकघरात मला जागा करायची म्हणून पाण्याचे पिंप बाहेर गेले, आणि ताई नको नको म्हणत असताना आजोबांनी तिला माझ्यावर बसवले.

आता मी तिथेच असते. कधी कधी भाजी निवडता निवडता ताईचा डोळा लागतो. मग तिचा नवरा येऊन हळूच गॅस बंद करतो आणि ताट तिच्या मांडीवरून उचलून उरलेली भाजी स्वतः निवडतो. जाडीभरडी निवडतो, पण निवडतो.

मित्रांनो, मला फार काही लागत नाही. अधूनमधून कोरडे फडके फिरवा, पावसात ठेवू नका, एवढे पुरे. तुमच्याकडे एकच मागणे आहे. आज घरी गेलात, की बसण्याआधी घरभर नजर टाका. सगळे बसले असताना कोण अजून उभे आहे, ते पाहा. आणि त्या माणसासाठी एक खुर्ची पुढे ओढा.