कपाटामागची ओल

घर पुन्हा तारण ठेवण्यात ओळंब्याचा फायदा उघड होता. बायकोचं दुकान तिच्या मालकीचं होणार आणि त्याच्या निवृत्तीच्या रकमेला धक्काही लागणार नाही. ती रक्कम त्याने एका निळ्या, उघड्या टपाच्या जुन्या मोटारीसाठी राखली होती. आठवड्याआड विक्रेत्याकडे जाऊन तो मोटारीभोवती फेरी मारून यायचा, सोयरीक ठरवायला आल्यासारखा.

ओळंबा हे नाव त्याला नोकरीत चिकटलं. इमारत तपासनीस होता तो. कुणाची भिंत कुठे कललीय हे दारातूनच सांगायचा, कुणी विचारलं नाही तरी.

बायकोची लाँड्री जोरात चालायची. जागामालकाने गाळा विकायला काढला आणि महिनाअखेरपर्यंत पैसे आणले तर तो तिलाच देईन म्हणाला. नाहीतर गिऱ्हाईक तयारच होतं. नवरा निवृत्त, तेव्हा बँक तिच्या कमाईवर कर्ज देणार होती. जुन्या कर्जाचे उरलेले हप्तेही त्यातच फिटणार होते. राहिली होती फक्त घराची पाहणी.

त्या दिवशी तिने नवऱ्याला बजावलं, चहा करा, हसा आणि तोंडाला कुलूप लावा.

बँकेचा मूल्यमापक घाईतला माणूस होता. त्याने बाहेरची खोली मापली, आतल्या खोलीत डोकावून "छान ठेवलंय घर, काका" म्हटलं आणि तो वळला. ओळंब्याने ट्रे खाली ठेवला. हाताखालच्या माणसाने अशी पाहणी केली असती, तर त्याने त्याला उभं आडवं घेतलं असतं.

"कपाटामागे पाहिलं नाहीत तुम्ही."

बायकोने डोळे मिटले.

मग ओळंब्याने स्वतः कपाट सरकवून ओल दाखवली, तुळईतली चीर दाखवली, गच्चीचा चुकलेला उतारही दाखवला. टॉर्चही घरचाच. जाताना मूल्यमापकाने त्याचे अगदी मनापासून आभार मानले.

कर्ज मंजूर झालं, पण गाळ्याच्या किमतीचा दहावा हिस्सा कमी पडला. बायको चिडली नाही. भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "अहो, ही ओल कधीपासूनची?"

"झाली तीन वर्षं."

"मला नाही सांगितलीत कधी."

"तू उगाच काळजी करत बसली असतीस."

"बरं. मग आता कमी पडलेल्या पैशांची काळजी तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडे जाऊन, मोटारीला शेवटची फेरी मारून, तो नाही म्हणून आला. महिना सरायच्या आत गाळा बाईच्या नावावर झाला.

तर हिशेब असा. नऊ हिस्से बँकेने दिले. ते बाई महिन्याच्या महिन्याला फेडते, लाँड्रीच्या गल्ल्यातून, ऐटीत. दहावा हिस्सा निळ्या मोटारीने भरला. ओलीच्या दुरुस्तीचं सामान बाईच्या खर्चाने आलं, मजुरी ओळंब्याची, बिनपगारी. आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर बाई टॉर्च घेऊन त्याचं काम तपासते.