खानावळीच्या शटरवरचे घाव

मित्रांनो, गॅरेजच्या मागे भंगाराला टेकून ठेवलेले, मधोमध फाटलेले जे लोखंड तुम्हाला दिसते आहे, ते मी. एके काळी मी एका खानावळीचे शटर होतो. हात लावून बघा, पण जपून. माझ्या कडा अजून धारदार आहेत.

माझा जन्मच मुळी माराने झाला. कारखान्यात मोठ्या कात्रीने माझ्या पट्ट्या कापल्या, यंत्रात दाबून त्यांना बाक दिला आणि एकीत एक अडकवून हातोड्याने ठोकले. ठोकणाऱ्या कारागिराचे त्या दिवशी घरी बिनसले होते म्हणे. त्याने सगळा राग माझ्यावर काढला, म्हणून मी इतरांपेक्षा जरा जास्तच पक्का निघालो. मारून मुटकून शटर झालो म्हणा ना!

शहराच्या टोकाला, जिथे बस वळसा घालून परत जाते, तिथल्या वस्तीत मला बसवले. खानावळ एका बाईची होती. सगळी वस्ती तिला मावशी म्हणे. पुढे बाके, मध्ये चूल आणि मागच्या खोलीत ती आणि तिची लहान लेक. मागे दार नव्हते. एक खिडकी होती, तिला गज होते. येण्याजाण्याची वाट एकच, माझ्याखालून. मावशी सकाळी मला असा हिसडा देऊन वर फेकायची की समोरच्या झाडावरची पाखरे उडून जायची. मग ती मासे चिरायला बसे. तिचा सुरा फळीवर आपटू लागला की ताटात काही टाकायची कोणाची हिंमत होत नसे.

आमच्या वस्तीत जेवायला यायचे तर पोटात भूक हवी आणि अंगात बळही हवे. बसच्या थांब्यावर चहा आणि गरम पाव मिळे, पण तिथला चहावाला इतका जहाल बोले की दर दिवसाआड कोणीतरी त्याच्या अंगावर कप फेकी. पुलापलीकडे एक नवरा-बायको अंडी आणि सूप विकत. दोघांचे बिनसले की पळ्या उडत, आणि मधल्या बाकावरचे गिऱ्हाईक डोके खाली घालून जेवत राही. अंडी मात्र झकास असत. माझ्या अगदी समोर पैलवान, मावशीला वहिनी म्हणणारा एकटा तोच. निखाऱ्यांवर भाजलेले मांस आणि कढईत तळलेले बटाटे ही त्याची ख्याती. राग त्याच्या नाकावर बसलेला. मीठ कमी आहे म्हणणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्याने बाकासकट उचलून रस्त्यावर ठेवले होते. तोच ट्रकवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला आला. भुकेला कोंडा म्हणतात ना, पण पैलवानाचे जेवण कोंडा नव्हते.

एवढी भांडखोर माणसे, तरी त्यांच्यात एक रीत होती आणि ती कोणी मोडत नसे. प्रत्येकाची आठवड्यातली सुट्टी वेगळ्या वाराला. ज्याची सुट्टी, त्याने आपल्या शटरवर खडूने लिहायचे की आज कुठे जेवावे. आणि ज्याचे नाव लिहायचे, त्याला आदल्या दिवशी निरोप द्यायचा, म्हणजे तो जास्तीचे शिजवून ठेवील. मावशी माझ्यावर लिहायची, ‘आज बंद. पैलवानाकडे जा. तिखट सोसत नसेल तर पूल ओलांडा, तिथे पळीपासून जपा.’ लोक वाचून हसत आणि रस्ता ओलांडत. मला त्या खडूच्या स्पर्शाने गुदगुल्या होत. आयुष्यात मला मऊ हाताने शिवले ते तेवढेच.

एकदा मावशीच्या लेकीला ताप भरला. सकाळी पोरगी डोळे उघडेना, तेव्हा मावशीने ठरलेला वार सोडून सुट्टी घेतली. तिने घाईघाईने माझ्यावर नेहमीचा मजकूर लिहिला, लेकीला खांद्यावर टाकले आणि डॉक्टरकडे धावली. निरोप द्यायचा राहून गेला. पोरीच्या काळजीत तिला त्याची आठवणही झाली नाही.

दुपारी काचेच्या कारखान्यातली पाळी सुटली. भट्टीपुढे उभे राहून आलेली ती माणसे, पोटात कावळे ओरडत होते. मला वाचून सगळी समोर गेली. पैलवानाकडे जेमतेम आपल्या गिऱ्हाइकांपुरते शिजले होते. तो नाही म्हणाला. ते म्हणाले, समोर लिहिले आहे. चुलीवरून मान वर न करता तो म्हणाला, आज तिची सुट्टीच नाही, उगाच थापा मारू नका. मग कोणीतरी त्याच्या आईवरून शिवी दिली.

मित्रांनो, पुढचे मी बघितले, कारण मला डोळे मिटता येत नाहीत. पैलवानाने एकाची मान धरून त्याचे तोंड मेजावर आपटले. दात पडले. दुसऱ्याने बाक उचलून पैलवानाच्या पाठीत घातला. बाटल्या फुटल्या, फुटलेल्या बाटल्या हातात आल्या, एका माणसाचा कान अर्धा लोंबू लागला. ताटे रस्त्यावर येऊन माझ्या अंगावर आदळत होती. त्या रेटारेटीत चूल हलली आणि उकळत्या तेलाची कढई कलंडली. पैलवानाचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत तेलात न्हाला. त्याच्या त्या किंकाळीने सगळे पांगले.

त्याला दवाखान्यात नेले. तेवढ्यात मावशी दुसऱ्या रस्त्याने लेकीला घेऊन परतली. समोरची मोडकी बाके तिने पाहिली, पण आमच्याकडे ते नेहमीचेच. ती आत शिरली, मला खाली ओढून घेतले आणि पोरीसाठी पेज करायला स्टोव्ह पेटवला.

ऊन कलायच्या सुमारास पैलवान आला. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात निखारे ओढायची पहार. माझ्यावरचा मजकूर वाचून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला घाव त्याने माझ्या मधोमध घातला.

“बाहेर ये! वहिनी म्हणत होतो तुला. माझं हॉटेल मोडायला माणसं धाडलीस?”

मावशी दचकून उठली. क्षणभर तिला काही कळेना, मग सगळे कळले. ती माझ्याजवळ आली, माझ्या पत्र्याला हात टेकवून म्हणाली, “निरोप द्यायचा राहिला, पैलवान. पोरगी आजारी आहे. चुकलं माझं.”

मी ऐकले. पैलवानाने ऐकले नाही. तो मारत होता आणि मी वाजत होतो. माझ्या त्या आवाजात तिचा आवाज बुडाला. तिने दोनदा, तीनदा सांगितले. तो आणखी जोराने मारत राहिला. माझ्या पट्ट्या आत वाकल्या, बाजूच्या खोबणीतून निसटून आडव्या अडकल्या. माझ्या चौकटीला एक फळी ठोकलेली होती, तिच्यावर तेलाचा डबा असे आणि खालीच स्टोव्ह. घावागणिक ती फळी सैल होत गेली. शेवटी ती सुटली आणि डबा पेटत्या स्टोव्हवर पडला.

आग भपकन छताला लागली. मावशीने मला वर उचलायला जोर लावला. मी उचलला जाईना. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण वाकलेले लोखंड आपल्या इच्छेने सरळ होत नाही. आत पोरगी आईला हाका मारत होती. मावशी मुठींनी मला बडवू लागली. आता आतूनही मार आणि बाहेरूनही मार.

माझ्या फटीतून धूर आला तेव्हा पैलवानाचा हात थांबला. थांबला म्हणूनच त्याला पोरीचे खोकणे ऐकू आले. तो पांढराफटक पडला.

“वहिनी,” तो म्हणाला, “पोरीला घेऊन मागं सरा.”

मग त्याने पहार दोन्ही हातांत धरली. उजव्या हाताची पट्टी सुटली, पट्टीबरोबर कातडी सुटली, तरी त्याने पकड सोडली नाही. त्याने पहारीचे टोक माझ्या पट्ट्यांमध्ये खुपसले आणि मला फाडायला सुरुवात केली. आधीच्या घावांपेक्षा हे घाव मला जास्त लागले. पण मला ते हवे होते. मी म्हणत होतो, मार, अजून मार. माझ्या पोटात भोक पडले. त्याने हात घालून ते रुंदावले, माझ्या कडांनी त्याची बोटे हाडापर्यंत कापली. आधी पोरगी बाहेर आली, मग मावशी. तिचे केस जळाले होते, तळवे भाजले होते.

बाहेर येताच तिने पैलवानाच्या थोबाडीत लगावली. सारी वस्ती बघत होती. तो मान खाली घालून उभा राहिला आणि दुसरा गालही त्याने मागे घेतला नाही. तिने पुन्हा मारली नाही. लेकीला छातीशी धरून ती रस्त्यातच खाली बसली आणि रडली.

पोरगी बरी झाली. पैलवानाची बोटे मात्र कधी सरळ झाली नाहीत, त्याला सुरा धरता येईना. मावशीची खानावळ जळून गेली होती. एकाकडे चूल होती पण हात नव्हते, दुसरीकडे हात होते पण चूल नव्हती. तळवे भरून आल्यावर मावशी समोर जाऊन रांधू लागली. ती त्याच्याशी फारसे बोलत नसे. तो गिऱ्हाइकांना वाढत असे, आणि कोणी जेवणाला नावे ठेवली तरी आता आवाज चढवत नसे. लोक म्हणत, एवढे चांगले जेवण वस्तीत आधी कधी मिळाले नव्हते. मला ते ऐकून आनंद व्हायचा आणि वाईटही वाटायचे.

मला काढून इथे टाकले. गंज चढला, उंदरांनी बिऱ्हाड केले. आता भंगारवाला मला तोडायला घण घेऊन येणार आहे. खुशाल येऊ दे. माझ्या मागे आता कोणी नाही, त्याने हवे तेवढे घाव घालावेत.

तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. शटर असो, दार असो, नाहीतर समोर गप्प उभे राहिलेले माणूस असो, त्याच्यावर हात उगारण्याआधी थोडे थांबा आणि कान देऊन ऐका. कदाचित पलीकडे कोणीतरी मघापासून ‘चुकलं माझं’ म्हणत असेल.