महिनाअखेरचा भाव

बारक्याला बारक्या म्हणणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्याचं वजन नव्वद किलोच्या पुढे गेलं तरी त्यांनी ते नाव सोडलं नव्हतं. बाहेर मात्र तो लिफ्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा वित्तप्रमुख होता. कंपनीचे शेअर बाजारात असल्यामुळे तिला नियमांची कमतरता नव्हती. त्यातला एक असा, की सगळ्यात जास्त कमावणाऱ्या पाच अधिकाऱ्यांना वर्षभरात काय काय मिळालं ते वार्षिक अहवालात नावानिशी छापायचं. त्या वर्षी बारक्याचं नाव पहिल्यांदाच त्या तक्त्यात आलं. पाचातलं शेवटचं, पण आकडा असा की वाचणाऱ्याने शून्यं मोजावीत आणि चष्मा पुसून पुन्हा मोजावीत.

अहवाल सकाळी बाहेर पडला. दुपारी कॅन्टीनच्या रांगेत तो उभा राहिला तशी मागची कुजबुज एकदम थांबली. आणि घरात पाऊल टाकतोय तोच वहिनीचा फोन.

"भाऊजी, ते छापून आलंय ते खरंय का?"

"खरंय, पण तसं नाही, वहिनी."

"म्हणजे खरं का खोटं ते एकच काय ते सांगा."

"रोख पगार त्यातला थोडाच. बाकीचे कंपनीचे शेअर. तेसुद्धा हातात नाहीत अजून. मी नोकरीत टिकलो आणि भाव टिकला, तर टप्प्याटप्प्याने मिळणार."

वहिनीने जरा विचार केला. "म्हणजे गाजराची पुंगी म्हणा की!"

"पुंगीच. फक्त मोडून खायची सोय नाही."

वहिनी खळखळून हसली. बारक्याने हळूच विचारलं, "दादा काय म्हणतो?"

"ते काय म्हणणार? वाचलं, चष्मा काढला आणि अंघोळीला गेले."

बारक्याला हेच टोचलं. सगळं जग काहीतरी म्हणत होतं आणि दादा काहीच म्हणत नव्हता. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडली आणि याच कंपनीत फिटरचा मदतनीस म्हणून चिकटला. उंच इमारतींच्या विहिरीसारख्या पोकळीत लोंबकळून त्याने रूळ बसवले, दोर ओढले आणि त्या कमाईवर धाकट्याला शिकवलं. धाकटा शिकून त्याच कंपनीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसला, तरी दादाने साइटवर कधी त्याचं नाव पुढे केलं नाही. आता तो फोरमन होता, निवृत्तीला आलेला. आपल्या भावाला एका वर्षात इतकं मिळतं हे वाचून त्याच्या मनात काय आलं असेल? बारक्या कुशीवर कुशी बदलत राहिला. उठून पाणी प्यायला, परत येऊन पडला. बायको म्हणाली, "अहो, पैसे मिळाल्यावर लोकांना झोप लागते. तुमचं सगळं उलटंच."

थोड्याच दिवसांत दुसरी काळजी येऊन पडली. कंपनीच्या जवळजवळ एक तृतीयांश लिफ्ट ज्या बिल्डरकडे जायच्या, त्याने पुढचं सगळं काम दुसरीकडे द्यायचं ठरवल्याचं कळवून टाकलं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि बारक्याला समोर बसवलं.

"अजून पक्कं नाही," साहेब म्हणाले. "बोलणी चालू आहेत. आत्ताच बाजाराला कळवायची घाई नको. महिनाअखेरपर्यंत कळ काढू."

महिनाअखेरच का, हे दोघांनाही न बोलता कळत होतं. त्या तक्त्यातल्या शेअरांचा पहिला मोठा हप्ता मिळण्याची अट अशी होती, की महिनाअखेरपर्यंतचा सरासरी भाव ठरलेल्या रेषेच्या वर राहिला पाहिजे. साहेबांचा हप्ता त्याच अटीवर होता आणि बारक्याचाही. बातमी फुटली असती तर भाव कोसळला असता आणि दोघांची पाटी कोरी राहिली असती. बारक्याने पेन उघडलं, मिटलं. "बघू," एवढंच म्हणून तो उठला. बोलणी चालू आहेत, असं त्याने स्वतःला बजावलं. पण बिल्डरच्या बोलण्यात बोलणीबिलणी काही नव्हती, ते पक्कं होतं, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

त्यानंतरच्या रविवारी तो दादाकडे गेला. दादा पायरीवर बसून जुन्या पंख्याचं बेअरिंग पुसत होता. वहिनीने चहा आणला. इकडचं तिकडचं झालं आणि मग अहवालावर दादा अखेर बोलला.

"वाचलं मी ते. आधी म्हटलं, निम्म्याहून जास्त शेअरच? हा काय पगार झाला? मग उमगलं. वरच्या लोकांना पगारच शेअरात देतात, म्हणजे कंपनीत दम असणार. तुला काय दगडधोंडे देतील?"

"तसंच काही नसतं, दादा."

"असू दे. कामगारांसाठी ती योजना आहे ना, दर पंधरवड्याला कमी भावात शेअर देतात ती? साइटवरच्या माझ्या जोडीदाराला गेल्या खेपेला मीच घ्यायला लावले. लेकीच्या शिक्षणाचे ठेवले होते, सगळे घातले त्याने. मी या खेपेला घेतोय. बँकेतली ठेव मोडायला टाकलीये."

"किती?"

"सगळी." दादाने बेअरिंग फिरवून कानाशी धरलं. "आयुष्यभर लिफ्ट बसवल्या, दुसरीच माणसं वर गेली. म्हटलं, एकदा आपणही जाऊन बघू."

वहिनी हसली. बारक्याच्या जिभेवर दोनच शब्द होते, 'घेऊ नकोस.' आतली बातमी ठाऊक असताना ते उच्चारणं गुन्हा होता, हेही त्याला माहीत होतं. त्याने कप खाली ठेवला, काम आठवल्याचं निमित्त केलं आणि उठला. दादा दारापर्यंत आला. "बरं नाही का तुला? तोंड उतरलंय."

"जागरण," बारक्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंपनी सेक्रेटरीच्या खोलीत शिरला. बाजाराला काय कळवायचं, कधी कळवायचं हे सगळं ही बाई बघायची. ऑफिसात तिला पाठीमागे नियमबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

"समजा," बारक्याने सुरुवात केली, "एखाद्या अधिकाऱ्याचा जवळचा माणूस शेअर घ्यायला निघालाय..."

"थांबा," नियमबाई म्हणाली. "तो माणूस कोण ते मला ऐकायचं नाही. घे म्हणणं, नको म्हणणं, नुसतं खाकरणं, सगळं एकाच माळेचे मणी. सांगितलंत तर तुम्हीही अडकाल आणि तोही."

"मग त्याने करायचं काय?"

"जे त्याला सांगता येत नाही ते सगळ्यांना सांगायचं. एकाच वेळी. बातमी दाबून ठेवायचा हक्क कुणालाच नाही." तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी साहेबांना दोनदा म्हटलं. ते म्हणाले, वित्तप्रमुखांचं मत पक्कं नाही म्हणून."

बारक्याचे कान तापले. तो तिथून उठला तो तडक साहेबांच्या खोलीत गेला, कारण मध्ये कुठे बसला असता तर पुन्हा उठलाच नसता.

"आजच कळवायचं," तो म्हणाला. "नाहीतर पुढच्या हिशेबावर मी सही करणार नाही."

साहेब आधी हसले, मग त्यांनी समजावलं, मग ते लालबुंद झाले. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोयस. तुझा हप्ता जाईल, माझाही जाईल. कशासाठी? आणखी थोडे दिवस थांबलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आजच," बारक्या पुन्हा म्हणाला. खुर्चीची पाठ धरून तो उभाच राहिला.

संध्याकाळी बातमी गेली. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि भाव दगडासारखा खाली आला. सरासरी रेषेखाली गेली, हप्ता बुडाला. बारक्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही, उलट घरी जाताना त्याने चक्क शीळ घातली. दादा वाचला होता. त्याने ठेव मोडली होती, पण शेअरांची खेप अजून यायची होती.

हे समाधान दोन दिवसही टिकलं नाही. दादा ऑफिसात आला. इतक्या वर्षांत तो कधी त्या मजल्यावर आला नव्हता. कामाच्याच कपड्यांत, शिरस्त्राण काखेत मारून तो काचेच्या दारातून आत आला आणि बस म्हटलं तरी बसला नाही.

"रविवारी माझ्याकडे आलास तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि चहा पीत बसलास."

"दादा, सांगता येत नव्हतं. कायदा आहे. तुला सांगता यावं म्हणून तर मी सगळ्यांना..."

"ते कळलं मला. मी अडाणी असेन, खुळा नाही." दादाचा आवाज चढला नव्हता, आणि बारक्याला त्याचंच भय वाटत होतं. "जोडीदाराचं काय? त्याने आदल्या खेपेला घेतले. माझ्या शब्दावर घेतले. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

बारक्याने मनात तारखा लावून पाहिल्या. लावायची खरं तर गरज नव्हती.

"हो. त्याच्या चार दिवस आधी कळलं होतं."

"तेव्हा का नाही बोललास?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं.

"मी ठेव मोडली नसती," दादाने विचारलं, "तर बोलला असतास का, बारक्या?"

खोटं बोलायला जागा होती. बोलणी चालू होती, वाट पाहत होतो, असं काहीही सांगता आलं असतं. पण ज्याने आपली अक्षरं गिरवून घेतली त्याच्यासमोर जीभ रेटेना.

"नसतो बोललो बहुतेक," तो म्हणाला.

दादाने मान हलवली, जणू माप घेतलं आणि ते बरोबर निघालं. शिरस्त्राण डोक्यावर चढवून तो निघून गेला. त्याने लिफ्टही घेतली नाही. इतके मजले तो जिन्याने उतरत गेला आणि त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ वर येत राहिला.

मधले दिवस बारक्याने कसे काढले ते त्याच्या बायकोलाच माहीत. जेवताना उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा, घास तसाच. "मी जोडीदाराला माझ्या खिशातून भरून देतो," तो म्हणाला. बायकोने विचारलं, "आणि त्या खेपेला घेतलेल्या बाकीच्यांना? ते काय कुणाचे भाऊ नाहीत?"

शेवटी त्याने संचालक मंडळातल्या त्या समितीपुढे वेळ मागितली, जी अधिकाऱ्यांचे पगार आणि शेअर ठरवते. नियमबाई शेजारी बसली होती. बातमी नेमकी कोणत्या दिवशी आली, ती कुणी रोखली, आणि त्या दिवसांत कामगारांना शेअर विकले गेले, हे त्याने सरळ सांगितलं. रोखणाऱ्यांत स्वतःचं नावही सांगितलं. समितीच्या अध्यक्षा वयस्क होत्या. शेवटी त्यांनी इतकंच विचारलं, "हे बोलल्यावर तुम्हाला इथे राहता येणार नाही, हे समजतंय ना?"

"समजतंय."

त्या खेपेचे शेअर कंपनीने घेतल्या भावात परत घेतले आणि कामगारांचे पैसे परत केले. साहेबांच्या मागे चौकशी लागली. बारक्याने राजीनामा दिला, आणि नियमाप्रमाणे तीही बातमी बाजाराला कळवली गेली. 'वैयक्तिक कारणास्तव', असं त्यात लिहिलं होतं. न मिळालेले उरलेसुरले शेअर नोकरीबरोबरच गेले. नव्या नोकरीसाठी तो फोन करी तेव्हा लोक आदराने बोलत आणि नंतर फोन उचलत नसत.

दादाचा फोन आला तेव्हा बराच काळ उलटून गेला होता.

"रविवारी जेवायला ये."

"येतो."

"जोडीदारालाही बोलावलंय. त्याला सगळं सांगितलंय मी, तू मला जे म्हणालास तेही. त्याच्यासमोर बसायला जमेल?"

"जमवतो, दादा."

"जमवतो नको. जमत असेल तर ये."

रविवारी तो वेळेच्या फार आधी निघाला. दादाच्या गल्लीला त्याने दोन चकरा मारल्या, कोपऱ्यावर गाडी लावली, काढली, पुन्हा लावली. जोडीदाराला पहिलं वाक्य काय म्हणायचं ते त्याने वाटेत चार तऱ्हांनी जुळवलं होतं, आणि पायऱ्या चढेपर्यंत त्यातलं एकही आठवेना. त्याने बेल वाजवली. आतून चपलांचा आवाज आला. दार उघडलं ते दादाने नाही, वहिनीनेही नाही. एक काटकुळा, पिकल्या मिशांचा माणूस ओले हात पंच्याला पुसत उभा होता. त्याने बारक्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"बारक्या म्हणतात ते तुम्हीच का?" त्याने विचारलं आणि आत यायला वाट दिली.