उगाच वाजलेली टिक

मित्रांनो, मी एक जुनी टिकटिकी आहे. काडेपेटीहून लहान डबी आणि आत पोलादाची जीभ. अंगठ्याने दाबलं की टिक. एवढंच मला येतं. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो एकदमच जन्मल्या. पण मला अर्थ आला तो मोरोगोरो शहरात, झैतुनीच्या मुठीत.

झैतुनी उंदरांची शिक्षिका. उंदीरही कसे, मांजराएवढे! जमिनीत पुरलेल्या सुरुंगाची दारू ते वासावरून हुडकतात, आणि त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. शिकून तयार झाले की ते मोझांबिकला जायचे. तिथली लढाई संपली होती; सुरुंग मात्र शेतांतच राहिले होते.

तिचा लाडका विद्यार्थी करंगा, म्हणजे तिच्या भाषेत शेंगदाणा. पहिला धडा सोपा होता : टिक वाजली की केळ्याचा घास. काही दिवसांनी तर घास यायच्या आधी, नुसत्या माझ्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. मग नियम बदलला. दारूचा वास लागला आणि तिथली माती खरवडली, तरच टिक. तीही त्याच क्षणी. जरा उशीर झाला तर त्याला वाटायचं, शाबासकी मिशा पुसल्याबद्दलच आहे!

मग शेजारच्या पिंजऱ्यातली त्याची बहीण मेली. करंगा मुटकुळं करून बसला, खाईना. मैदानात नेलं तर रिकामीच माती उकरू लागला. झैतुनीला राहवेना. “खा रे बाळा, आजच्या दिवस,” म्हणत तिने मला दाबलं. टिक. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

करंगा हुशार. तो नवा धडा चटकन शिकला : कुठेही उकरा, केळं मिळतं.

मुख्य शिक्षक कोबेलोबाबा कमरेवर हात ठेवून बघत होते. “काय गं झैतुनी, आज सगळीकडेच सुरुंग? मग आपण दोघं अजून जमिनीवर कसे?”

“दुःखात होता हो, बाबा.”

“तिकडची माणसं याच्या नाकाच्या भरवशावर मका पेरणार. त्यांना काय सांगू, दुःखात होता म्हणून? दहा दिवसांनी परीक्षा आहे. नापास झाला तर जन्मभर पिंजरा.”

झैतुनी मान खाली घालून म्हणाली, “मीच शिकवलंय. आता मीच विसरायला लावते.”

विसरायला लावायचं म्हणजे गप्प राहायचं. करंगा उगाच उकरायचा आणि वर बघायचा. मी गप्प. मग तो आणखी जोरात उकरायचा, मागच्या पायांवर उभा राहून तिचा गुडघा धरायचा. तिचा अंगठा माझ्यावर टेकायचा, पण दाबायचा नाही. पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी त्याने नाक खाली घातलं, शोधलं, खऱ्या जागी माती खरवडली. टिक! इतकी खणखणीत मी कधीच वाजले नव्हते.

परीक्षेत सुरुंग कुठे पुरलेत ते फक्त कोबेलोबाबांना ठाऊक होतं. करंगाने तिन्ही शोधले. शेवटच्या कडेला, रिकाम्या मातीवर, त्याने झैतुनीकडे बघितलं, पंजा उचलला... आणि तसाच खाली ठेवून पुढे निघाला.

“पास!” कोबेलोबाबा ओरडले. “दे गं त्याला अख्खं केळं. आणि डोळे पूस, लोक म्हणतील नापास झाला.”

करंगा मोझांबिकला गेला. तिथे त्याला दुसरी टिकटिकी मिळाली. माझी जीभ आता सैल झाली आहे. एकदा दाबलं की कधी दोनदा वाजते, कधी वाजतच नाही. अशाने नवी पिल्लं गोंधळतील, म्हणून झैतुनीने मला खणात ठेवलं. तिने ठीकच केलं. तरी बाहेर केळी सोलल्याचा वास आला की अंगठ्याची वाट बघते.

मित्रांनो, लाड जरूर करा. दुःखात असेल त्याला जवळ घ्या, कुरवाळा, भरवा. पण खोटी शाबासकी देऊ नका. ती परत घेताना फार लागतं. त्या पाच दिवसांत करंगाला वाटलं असेल, ही टिकटिकी माझ्यावर रुसली. रुसले नव्हते रे, हे त्याला सांगायला माझ्याकडे एक टिकच होती, आणि नेमकी तीच द्यायची नव्हती.