शुक्रवारची चिठ्ठी

शाळेच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून इश्बेल गेडिसबाईंना बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात पालक नावाचा प्राणी त्यांना मोजक्याच वेळा दिसला होता. दर सत्रात त्या पालकांची सभा लावायच्या, घरून केक भाजून आणायच्या. यायची तिघं, त्यातली दोघं केकसाठी. गाव बंदराचं. बाप दहा-दहा दिवस बोटीवर, आया मासळीच्या कारखान्यात. पोरं काय वाचतात हे विचारायला सवड कुणाला? बाईंच्या मनाला मात्र ते फार लागायचं.

मग त्यांनी शुक्रवारची चिठ्ठी काढली. आठवड्यात मुलाने कुठली पुस्तकं नेली त्यांची यादी, आणि खाली एक ओळ : 'जेवताना यावर बोला.' संगणकच ती दर शुक्रवारी चार वाजता पालकांच्या फोनवर धाडायचा, बाईंना बोटही लावावं लागत नसे. वाचकाने काय नेलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हा त्यांच्या पेशाचा जुना नियम. तो त्यांना तोंडपाठ होता. पण आईबाप काही तिसरे नव्हेत, असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला.

चिठ्ठी गावाने डोक्यावर घेतली. आज्या फोन करून विचारू लागल्या की पुढचा भाग आलाय का. आणि सगळ्यांत पुढे होता डॉड मेअर, तेरा वर्षांच्या कर्स्टीचा बाप. बोट बंदराला लागली की हा हातोडी घेऊन वाचनालयात हजर. कलंडलेली कपाटं त्याने सरळ केली, खिडकीची गळती बुजवली. बाईंनी शाळेच्या पत्रकात त्याच्यावर चार कौतुकाच्या ओळीही लिहिल्या.

एकदा चिठ्ठीत डुकरांवरचं पुस्तक निघालं. बोटीवर जाणारी माणसं त्या जनावराचं नाव घेत नाहीत.

"बाई, उद्या बोट सुटायचीय आणि तुम्ही माझ्या फोनवर हे जनावर धाडता?" अपशकुन टळावा म्हणून टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावत डॉड म्हणाला. "बुडालो तर लॉर्ना तुमच्या नावाने बोंब मारेल."

"बायको तुझी सुटल्यासारखी नाचेल," बाई म्हणाल्या, आणि दोघं पोट धरून हसले.

कर्स्टी मधल्या सुट्टीत कोपऱ्यातल्या हीटरजवळ बसायची. मोठा नकाशांचा ग्रंथ समोर उभा करायची आणि त्याच्या आड एक बारीकसं पुस्तक वाचायची. घरात कुणी हात उगारत असेल तर काय करावं, हे मुलांना सांगणारं पुस्तक. चार आठवडे तेच. बाईंनी ते पाहिलं होतं. खरं तर त्याच दिवशी उठून मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं. पण कर्स्टी कुणा मैत्रिणीसाठी वाचत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. माणूस आपली खिडकी दुरुस्त करून देतो म्हटल्यावर त्याच्या घरात भलतंसलतं काही असेल, हे शिकल्यासवरल्या बाईलाही पटत नाही.

एका गुरुवारी घंटा झाली तेव्हा बाईंना तिची दया आली. "घरी ने की गं. तीन आठवडे ठेव."

"नको बाई. इथेच वाचते."

"अगं, लाजतेस काय? पुस्तकं न्यायलाच असतात." आणि बाईंनी तिच्या हातून ते घेऊन तिच्या नावावर चढवलंसुद्धा. कर्स्टीने ते दप्तरात तळाशी सरकवलं आणि वर्गात गेली.

शनिवारी दुपारी बटाटे सोलताना बाईंना चिठ्ठी आठवली. काल चार वाजता त्या पुस्तकाचं नाव कर्स्टीच्या घरी गेलं होतं. डॉड बुधवारपासून घरीच होता. त्यांनी फोन हातात घेतला, पण विचारायचं काय? सोमवारी बघू म्हणून त्यांनी तो खाली ठेवला.

सोमवारी डॉड स्वतःच पुस्तक घेऊन आला.

"पोरीचं वयच असलं," तो म्हणाला. "काहीबाही वाचतात आणि डोक्यात घेतात. आपण दोघांनी लक्ष ठेवायचं, बाई. तुम्ही इथे, मी घरी. तुमची चिठ्ठी होती म्हणून मला कळलं तरी." त्याने त्यांचे मनापासून आभार मानले. बाईंनी पुस्तक जमा करून घेतलं.

बुधवारी कर्स्टी शाळेत आली ती मनगटाला प्लास्टर घालून. बाई तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. लाज वाटली, पण काही लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी समाजकल्याण खात्याच्या प्रिंगलबाई आल्या. मुलीजवळ ओळखीचं कुणी असावं म्हणून गेडिसबाईंना बसवलं.

"कर्स्टी, घरी तुला कुणी मारतं का?"

कर्स्टी त्यांच्या वहीकडे बघत होती. "हे लिहून घेणार तुम्ही?"

"घ्यावं लागतं."

"मग घरी कळणार?"

प्रिंगलबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "आईबाबांशी आम्हाला बोलावं लागेल. पण तुला जपून."

तेव्हा कर्स्टीने पहिल्यांदा गेडिसबाईंकडे पाहिलं. ती रागावलेली असती तर बाईंना सोसलं असतं. ती फक्त सावध होती, अनोळखी माणसाशी असावं तशी.

"बंदराच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं," ती म्हणाली. "घसरले."

"कर्स्टी, बाळ, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "पण आता सांग. यांना सांग."

"बाईंचा गैरसमज झालाय." कर्स्टी प्रिंगलबाईंशीच बोलत होती. "बाबा चांगले आहेत. बाईंनीच पत्रकात छापलंय. वाचा हवं तर."

प्रिंगलबाईंनी अर्धा तास आणखी प्रयत्न केला. मग वही मिटली, पुढच्या आठवड्यात पुन्हा येते म्हणाल्या आणि कोट चढवून गेल्या.

साडेतीनला शाळा सुटली. गेडिसबाई खिडकीशी उभ्या होत्या. फाटकापाशी डॉड थांबला होता. त्याने पुढे होऊन पोरीच्या खांद्यावरचं दप्तर घेतलं, वर बघितलं आणि खिडकीतल्या बाईंना हात केला. आणि सवयीने बाईंचाही हात वर गेला.