चिमट्याला फूल नाही

थळच्या बंद पडलेल्या दवाखान्यात मी जुन्या हत्यारांचं संग्रहालय मांडलं, तेव्हापासून गाव मला एकच विचारतंय, "मास्तर, ह्या भंगाराचं करायचं काय?" बाळं तोलायचा पितळी काटा, सुया उकळायचं भांडं, अडलेलं बाळ ओढून काढायचा लोखंडी चिमटा. शेवटी दवाखान्याच्या ट्रस्टनंही हात वर केले. मुंबईच्या तज्ज्ञ बाईंनी वस्तू मोलाच्या आहेत असं लिहून दिलं तरच संग्रहालय राहणार, नाहीतर सगळं खरंच भंगारात.

आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या तज्ज्ञ श्रद्धा मॅडमना मांडव्याच्या जेट्टीवरून घेऊन आलो. ऐटीत कुलूप काढलं आणि माझं डोकंच फिरलं. झाडलोट करणाऱ्या कृष्णाबाईंनी सगळं पितळ चिंच-रांगोळीनं घासून लख्ख केलं होतं. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं! काट्यावरचे रंगवलेले आकडे गेले, डॉक्टरांचं नाव गेलं. इतकी वर्षं खाऱ्या हवेपासून जे जपलं, ते कृष्णाबाईंनी एका सकाळीत धुऊन टाकलं.

"कृष्णाबाई, हे काय करून ठेवलंत?" मी ओरडलो.

"दसऱ्याला हत्यारा न्हाय पुजायची तं कवा पुजायची, मास्तर? डॉक्टर व्हते तवा पन मीच पुजायची."

"अगदी नवं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं, हे मला कळलं.

मग त्या कोपऱ्यात वाकल्या. चिमटा तसाच काळा होता, मुठीवरच्या जुन्या कापडासकट. त्यांनी भिंग काढलं. "हा कसा वाचला? सर, ह्या एकासाठीसुद्धा मी लिहून देईन."

मी खूश व्हायला हवं होतं. पण राग उतरला नव्हता.

"मग ह्यालाच बरं सोडलंत?" मी कृष्णाबाईंना विचारलं.

"याला फूल न्हाय," कृष्णाबाई केर भरता भरता म्हणाल्या. "माज्या आयला याच चिमट्यानं सोडवत व्हते. मी भायेर आली. आय गेली."

चिमट्यापुढे मीच वळणदार अक्षरात लिहिलेली पाटी होती : 'गावातील असंख्य मातांचा प्राणदाता.' त्या पाटीवरची धूळ रोज कृष्णाबाईच पुसत होत्या. मी ती उचलली. राग अजून होताच, पण आता काढायचा कोणावर?

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या आया वाचल्या असतील."