खोलीच्या मधोमध माहेर

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाडीभरडी आणि अंगाला टोचणारी. टोचते हे मी स्वतःच आधी सांगून टाकते, मित्रांनो, नाहीतर दुसरे कोणी तरी सांगतेच. पण एकदा माझी सवय झाली की मऊ पांघरुणात झोप लागत नाही, हेही तितकेच खरे आहे.

माझा जन्म अजिंठ्याजवळच्या एका गावातला. खंडेराव नावाच्या मेंढपाळाने आपल्याच मेंढ्यांची लोकर कातरली, त्याच्या आईने ती कातली आणि विणकराने मला मागावर विणून चिंचोक्याची खळ लावली. त्याच वर्षी खंडेरावांना मुलगी झाली. तिचे नाव प्रांजली. मी तिच्यापेक्षा अडीच महिन्यांनी मोठी आहे, म्हणून तिच्यावर थोडा हक्क सांगते.

खंडेरावांच्या खांद्यावरून मी रानोमाळ हिंडले. पावसात त्यांच्या डोक्यावर आणि थंडीत पाठीखाली असे. नुकत्याच जन्मलेल्या कोकरांना माझ्यात गुंडाळून ते चालत. प्रांजली माझ्यावर बसूनच बाराखडी शिकली. आमच्या घराण्यात नर्सिंगच्या कॉलेजात जाणारी ती पहिली मुलगी, आणि याचा मला तिच्या बापाइतकाच अभिमान आहे.

गेल्या माघात तिचे लग्न झाले. कपाट आले, मिक्सर आला, झिपच्या पिशवीत मोरांचे चित्र असलेले गुबगुबीत ब्लँकेट आले. सगळे सामान भरून झाल्यावर खंडेरावांनी मला हळूच टेम्पोत ठेवले. तेव्हा एका पाहुणीने नाक मुरडले होते. मी ते अजून विसरलेले नाही.

प्रांजलीचा नवरा हनुमान फुलंब्रीकडचा, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. दोघांचे शिक्षण चालू म्हणून त्यांनी शहरालगतच्या पडेगावात एक खोली घेतली. सकाळी ती दवाखान्यात ड्यूटीला निघे तेव्हा तो झोपलेला असे. ती परत येई तेव्हा तो कॉलेजला निघालेला असे. दोघांची भेट दारात, एक चप्पल काढताना आणि एक घालताना. नवे लग्न म्हणतात ते हेच का, असा मला प्रश्न पडे.

संध्याकाळ मात्र माझी असे. टेबल एकच, त्यावर शेगडी, त्यामुळे अभ्यासाला दोघे माझ्यावर बसत. तो मोठ्याने कलमे पाठ करी, ती हाडांची नावे घोकी. महिन्याभरात तिला कलमे येऊ लागली आणि त्याला हाडे. भांडी कोणी घासायची यावर रोज खटला चाले. त्यात हनुमान दोन्ही बाजूंनी बोले आणि दोन्हीकडून हरे. एकदा तिने सरावासाठी त्याच्या डोक्याला पट्टी बांधली आणि तो तसाच दूध आणायला गेला.

"वकीलसाहेब, काय झालं? कुठं पडले का?" दूधवाल्या बन्सीने घाबरून विचारले.

"पडलो नाय, लग्न केलं," हनुमान म्हणाला.

तिच्या वाढदिवसाला त्याने मला धुवायचे ठरवले. उकळते पाणी, मूठभर साबणाची पावडर आणि भरपूर प्रेम! लोकरीला उकळते पाणी दाखवायचे नसते, मित्रांनो. मी वीतभर आखडले. प्रांजली आली, तिने मला दोरीवर पाहिले आणि तिचा चेहरा पडला.

"हे काय केलंस? बाबांची घोंगडी हाय ती!"

"मला वाटलं, तू खूश होशील," तो हळूच म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिने ते हात थंड पाण्यात धरले, मलम लावले आणि मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवले. मी मात्र चार दिवस रुसून होते.

असे चालले असताना आषाढ जवळ आला. आमच्याकडे लग्नानंतरचा पहिला आषाढ सुनेने माहेरी काढायचा असतो. सासूने तिचे तोंडही पाहायचे नसते. आणि नेमकी श्रावण लागताच प्रांजलीची शेवटची परीक्षा होती. दवाखान्यातले ड्यूटीचे तास भरले नाहीत तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हते. महिनाभर गेली की वर्ष गेले.

आषाढाच्या आदल्या दिवशी सासूबाई कस्तुराबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"उद्यापासून आखाड लागायलाय. कपडे भर, माहेरी सोडते तुला."

"आई, तास भरले नाहीत तर वर्ष जाईल माझं."

"वर्ष पुन्हा येतंय. रीत मोडली तर गावातल्या बायका मला जगू देत्याल व्हय?"

"माय, मी मित्राकडं राहतो की महिनाभर," हनुमान मध्ये पडला.

"तू कुठं राहतो ते मी इचारलंच नाय. सुनंनं माहेरी राहायचं असतंय."

हनुमानने कायद्याचे काहीतरी काढले. "तुझं कलम तुझ्यापाशी ठेव," त्याची आई म्हणाली. कस्तुराबाई वाईट नव्हत्या. येताना सुनेसाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती. पण त्या हट्टी होत्या, आणि हट्टी माणूस मी ओळखते. मीही तशीच आहे.

प्रांजली वाद घालेना. तिने पुस्तके पिशवीच्या तळाशी ठेवली, वर कपडे आणि सगळ्यांत वर मला. माझ्यावर दोन थेंब पडले. कोकरे सांभाळली, पाऊस झेलला, पण तेवढे जड मला काही लागले नव्हते.

कस्तुराबाईंनी खंडेरावांना फोन लावला. "पाव्हणं, आजच पोरीला घेऊन निघते."

"या की. पण गावात नका जाऊ, घराला कुलूप हाय," फोनमधून खंडेरावांचा आवाज आला. मागे मेंढ्या ओरडत होत्या. "पाऊस लांबला. आम्ही समदे मेंढरं घेऊन भोकरदनच्या अंगाला आलोत."

"मंग पोरगी ऱ्हाईल कुठं?"

"आमच्यासंगं रानात. आपलं घर काय इटांचं असतंय का? घोंगडी अंथरली की झालं घर. तुम्हाला काय सांगावं, तुम्ही बी मेंढरातल्याच."

फोन ठेवल्यावर कस्तुराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मग त्यांनी पिशवीतून मला ओढून काढले आणि माझ्यावरून हात फिरवला. तो हात मेंढरे हाकलेला होता, हे मला लगेच कळले.

"ही त्यांचीच व्हय?"

"व्हय. आमच्याच मेंढरांची लोकर हाय," प्रांजली म्हणाली.

"माझा पहिला आखाड बी रानातच गेला. मायच्या घोंगडीवर लई झोपले मी तवा." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "हनम्या, दोरी आण."

"कशाला?"

"आण म्हणलं ना."

खिडकीच्या गजापासून समोरच्या खिळ्यापर्यंत त्यांनी दोरी बांधली आणि खोलीच्या मधोमध मला टांगले. "घोंगडीपल्याड प्रांजलीचं माहेर. अल्याड सासर. तू पल्याड पाय टाकायचा नाय. आखाड सरला की रीतीनं न्यायला जायचं."

"आन लोकं?" हनुमानने विचारले.

"सांगीन, सून बापाच्या घोंगडीपाशी हाय. ह्यात खोटं काय?"

मित्रांनो, त्या महिन्यासारखा मान मला कधी मिळाला नाही. शेगडी सासरी राहिली, त्यामुळे स्वयंपाक हनुमानकडे आला. पहिले आठ दिवस पिठल्याच्या नुसत्या गाठी होत्या, नंतर गाठींत थोडे पिठले सापडू लागले. मी आखडलेली असल्याने खालून वीतभर फट राही. तिच्यातून चहाचा कप पलीकडे सरके आणि "पाव्हणं, चहा घ्या" असा आवाज येई. माझ्या दोन्ही बाजूंनी प्रश्नोत्तरे चालत. दार सासरच्या बाजूला होते, म्हणून ती ड्यूटीला निघाली की हनुमानने डोळे मिटायचे असा नियम झाला. तो एक डोळा उघडा ठेवी. मी सगळे पाहत होते, पण कोणाला सांगितले नाही.

एकदा कस्तुराबाई डबा घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसल्या. "मी तोंड बघत नाय. हात काढ भाईर."

फटीतून हात आला. त्यांनी चाचपडत डबा दिला आणि हात धरूनच ठेवला. "बारीक झालीस."

"हातावरून कसं कळतं, आई?"

"कळतंय. खात जा."

श्रावणाच्या पहिल्या दिवशी हनुमान लग्नातला कुर्ता घालून बाहेर गेला, दार वाजवून आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "प्रांजलीला न्यायला आलोय."

"अजून पेपर बाकी हायत. पुढच्या शुक्रवारी या," आतून उत्तर आले.

शुक्रवारी तो पुन्हा तोच कुर्ता घालून आला. शेवटचा पेपर चांगला गेला होता. त्याने एका बाजूची दोरी सोडली आणि मी खाली घसरले. पलीकडे प्रांजली हसत उभी होती. ओलांडायचे होते फक्त एक पाऊल. पण ती खाली वाकली, तिने मला कवटाळले आणि माहेर सोडताना मुली रडतात तशी हुंदके देऊन रडू लागली. हनुमान दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. मग तोही पलीकडे येऊन माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आपण राहू की अजून थोडा येळ माहेरी."

मित्रांनो, मला उकळत्या पाण्यात बुडवू नका, लोकर खाणारी कसर लागू देऊ नका, वर्षातून दोनदा ऊन दाखवा. आणि तुमच्या घरात नवी सून आली असेल, तर तिच्या बापाने हळूच टेम्पोत ठेवलेली वस्तू माळ्यावर टाकू नका. ती तिच्या हाताला लागेल अशी ठेवा.